खोट्या भाऊसाहेबांची खरी कहाणी

मुंबईहून पुण्याकडे निघालेला द्रुतगती मार्ग खालापूर तालुक्यात शिरला की समोरची सह्याद्रीची भिंत जवळ येऊ लागते. कुंभिवलीसारख्या गावांच्या शिवारातून पूर्वेकडे पाहिले, तर पावसाळ्यानंतरच्या स्वच्छ हवेत घाटमाथ्याची रेघ ठळक दिसते. कोकणातून ही भिंत चढून देशावर जाण्याची जुनी वाट म्हणजे बोरघाट. १८३० मध्ये या घाटातून गाडीरस्ता सुरू झाला, १८६३ मध्ये आगगाडी आली आणि आज हजारो मोटारी हा घाट काही मिनिटांत पार करतात. मात्र १७७६ चा पावसाळा संपला तेव्हा या घाटाशी सुमारे वीस हजारांची फौज येऊन भिडली होती. त्या फौजेचा नायक स्वतःला सदाशिवराव भाऊ म्हणवीत होता. खरे सदाशिवराव भाऊ पानिपतच्या रणांगणावर पडून त्या वेळी पंधरा वर्षे लोटली होती.

या माणसाचे नाव होते सुखनिधान. जातीने तो कनोजी ब्राह्मण, मुलूख उत्तरेकडचा. मराठी राज्याशी त्याचे ना रक्ताचे नाते, ना चाकरीचे. तरीही काही महिने कोकणातील बराचसा मुलूख आणि अनेक किल्ले त्याच्या नावाने चालले. त्याचे सैन्य घाटावर चढले आणि पुण्याच्या कारभाऱ्यांना त्या काळातील नामांकित सरदार त्याच्यावर धाडावे लागले. मराठ्यांच्या इतिहासात तो भाऊसाहेबांचा तोतया म्हणून ओळखला जातो. त्याचे खरे नाव फार थोड्यांना ठाऊक असते.

पानिपतावर राहिलेली शंका

सुखनिधानाची कहाणी समजून घ्यायची, तर आधी पानिपताकडे वळावे लागते. सदाशिवराव हे वसईचे विजेते चिमाजी आप्पा यांचे पुत्र. त्यांचा जन्म १७३० चा. म्हणजे नानासाहेब पेशव्यांचे ते चुलत बंधू आणि राघोबादादांपेक्षा वयाने मोठे. हिशेबात चोख, कारभारात करडे आणि १७६० च्या आरंभी उदगीरला निजामाला नमविल्यामुळे रणातही नाव मिळविलेले. त्याच वर्षी अहमदशाह अब्दालीला रोखण्यासाठी निघालेल्या मोठ्या फौजेचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. पेशव्यांचे थोरले पुत्र विश्वासराव त्यांच्यासोबत होते.

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर दुपारनंतर लढाईचे पारडे फिरले. विश्वासराव गोळी लागून पडले. त्यानंतर भाऊसाहेब हत्तीवरून उतरले, घोड्यावर स्वार झाले आणि गर्दीत शिरले. त्यांना यानंतर आपल्या माणसांपैकी कोणी निश्चितपणे पाहिले, असे सांगता येत नाही. विश्वासरावांचे शव सापडले, ओळखले गेले. भाऊसाहेबांच्या बाबतीत तसे सरळ घडले नाही. रणात मुंडके नसलेले एक शव मिळाले. अंगावरील खुणांवरून ते भाऊसाहेबांचे ठरविण्यात आले. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताने लिहून ठेवलेल्या हकिकतीवरून त्या शवाला अग्नी दिल्याचे आणि पुढे मस्तकही मिळाल्याचे कळते. पण हे सारे शत्रूच्या छावणीत घडले. ते पाहणारे थोडे होते आणि पुण्यापर्यंत ही हकिकत तुकड्यातुकड्यांनी आली.

त्या दिवशी हजारो माणसे बेपत्ता झाली. काही मारली गेली, काही कैदेत पडली, काही पळताना वाटेत थंडीने आणि उपासमारीने गेली, तर काही महिन्यांनी, वर्षांनी खरोखरच घरी परतली. परतलेल्या प्रत्येक माणसामागे न परतलेल्या अनेकांच्या घरांत आशा पालवत असे. मेलेल्यांची यादी कोठेच नव्हती. विश्वास पानिपतात गेला असे मराठीत आजही म्हणतात, पण त्या काळच्या घराघरांत नेमके उलटे घडत होते. गेलेला माणूस परत येईल या विश्वासावरच कित्येक घरे दिवस काढीत होती.

पेशव्यांचा वाडाही याला अपवाद नव्हता. नानासाहेब पेशवे या आघातातून सावरले नाहीत. २३ जून १७६१ रोजी पर्वतीवर त्यांचा अंत झाला. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई स्वतः पानिपतावर होत्या. त्या पळापळीतून वाचल्या आणि दक्षिणेत परतल्या. पती मारले गेले हे त्यांनी कधीच मान्य केले नाही. १७८३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या सवाष्णीसारख्याच राहिल्या. पेशव्यांच्या घरातच भाऊसाहेबांच्या मृत्यूवर शिक्का उमटला नव्हता. मग खेड्यापाड्यांतील माणसांनी तो उमटवावा, अशी अपेक्षा कशी करावी?

कैदेतला भाऊसाहेब

पानिपतानंतरच्या काही वर्षांतच बुंदेलखंडाच्या बाजूने बातमी येऊ लागली की भाऊसाहेब जिवंत आहेत. एक माणूस आपण सदाशिवराव असल्याचे सांगत होता आणि त्याच्याभोवती माणसे जमत होती. रूपात साम्य होते असे म्हणतात. पण केवळ रूपावर असा दावा टिकत नाही. ऐकणाऱ्याच्या मनात तो दावा खरा ठरावा अशी इच्छाही असावी लागते, आणि पानिपताने ती इच्छा सर्वत्र पेरून ठेवली होती. याच सुमारास जनकोजी शिंदे यांच्याही नावाने एक तोतया उभा राहिला होता, हे लक्षात घेण्यासारखे आहे. जनकोजी पानिपतावर पकडले गेले आणि नंतर मारले गेले. त्यांचाही मृत्यू आप्तांच्या डोळ्यांदेखत झाला नव्हता.

पेशवेपद या काळात माधवरावांकडे होते. वयाने लहान, पण चौकशीत कठोर असा त्यांचा लौकिक. सुखनिधानाला पकडून आणण्यात आले, त्याची तपासणी झाली आणि तो तोतया असल्याचे ठरले. तरीही त्याला मारण्यात आले नाही. वेगवेगळ्या किल्ल्यांवर त्याला कैदेत ठेवण्यात आले. अखेरीस त्याची रवानगी रत्नागिरीच्या किल्ल्यात झाली.

त्याला जिवंत का ठेवले, याचा उलगडा त्या काळची परिस्थिती पाहता होऊ शकतो. दरबाराची खात्री पटली असली, तरी लोकांची पटलेली नव्हती. वाड्यात पार्वतीबाई पतीची वाट पाहत होत्या. अशा वेळी त्या माणसाचा शिरच्छेद केला असता, तर पेशव्यांनी आपल्याच काकाला मारविले, अशी कुजबूज सुरू होण्याचा धोका होता. कैदेत ठेवण्याने मात्र वेगळीच अडचण निर्माण झाली. खोटा असेल तर त्याला मारीत का नाहीत, आणि मारीत नाहीत त्या अर्थी तो खरा असेल काय, हा प्रश्न किल्ल्याच्या तटाबाहेर जिवंत राहिला. एका अर्थी सुखनिधानाची सर्वांत मोठी साक्ष त्याची कैद हीच ठरली.

माधवराव असेपर्यंत हा प्रश्न डोके वर काढू शकला नाही. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला त्यांचे निधन झाले आणि राज्याची घडी विसकटली. ३० ऑगस्ट १७७३ रोजी त्यांचे धाकटे बंधू नारायणराव पेशवे यांचा शनिवारवाड्यात गारद्यांकडून खून झाला. संशयाची सुई काका राघोबादादांकडे वळली. नाना फडणीस, सखारामबापू आदी कारभाऱ्यांनी बारभाईंचे कारस्थान उभारून राघोबांना बाजूला सारले. १८ एप्रिल १७७४ रोजी नारायणरावांच्या विधवा पत्नीला पुरंदरावर पुत्र झाला. चाळीस दिवसांचे ते मूल, सवाई माधवराव, पेशवा झाले. राघोबा इंग्रजांकडे गेले आणि मार्च १७७५ मध्ये त्यांनी सुरतेला त्यांच्याशी तह केला. इंग्रज-मराठ्यांचे पहिले युद्ध पेटले. १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह झाला, पण त्याने कोणाचेच समाधान झाले नव्हते.

रत्नागिरीचे दार उघडते

हा तह होण्याच्या सुमारासच, १७७६ च्या फेब्रुवारीत, रत्नागिरीच्या किल्ल्याचे दार सुखनिधानासाठी उघडले. ते उघडणारा माणूस पेशव्यांचाच होता. रामचंद्र नाईक परांजपे याच्याकडे त्या भागाचा अंमल होता. कैद्याला त्याने सोडले, हेच खरे भाऊसाहेब असल्याचे जाहीर केले आणि आपली माणसे त्याच्या दिमतीला दिली. परांजप्यांची स्वतःची श्रद्धा होती की डाव होता, हे आता ठरविणे कठीण. परिणाम मात्र लगेच दिसला. सरकारचा अधिकारीच मान्य करतो म्हटल्यावर इतरांना नाकारणे अवघड झाले.

कोकणातील किल्लेदारांपुढे जो पेच पडला, तो समजून घेण्यासारखा आहे. हा माणूस खोटा असेल आणि त्याला दार उघडले, तर राजद्रोह होणार. खरा असेल आणि त्याच्यावर तोफ डागली, तर पेशव्यांच्या घराण्यातील वडीलधाऱ्या पुरुषावर हात उचलल्यासारखे होणार. पुण्याहून येणारे हुकूम दोन वर्षांच्या मुलाच्या नावाने निघत होते आणि ते लिहिणाऱ्या कारभाऱ्यांबद्दल एकवाक्यता नव्हती. समोर उभा असलेला माणूस मात्र प्रौढ होता, भाऊसाहेबांचे नाव सांगत होता आणि सैन्य घेऊन आला होता. भाऊसाहेबांना जवळून पाहिलेले लोक कोकणात फारसे नव्हते. ज्यांनी पाहिले होते त्यांच्याही आठवणीवर पंधरा वर्षांची धूळ बसली होती. खरे भाऊसाहेब असते, तर ते सेहेचाळिशीत पोहोचले असते. इतक्या वर्षांच्या हालअपेष्टांनी माणसाचा चेहरा बदलतो, असे मनाला पटविणे सोपे होते.

एकेक ठाणे त्याच्याकडे जाऊ लागले. किल्ले हाती आले, त्यांबरोबर धान्य, दारूगोळा आणि वसूल आला. पैशाच्या पाठोपाठ माणसे आली. पाऊस संपेपर्यंत कोकणचा मोठा भाग पुण्याच्या हुकुमाबाहेर गेला होता. इंग्रजांच्या कागदपत्रांतही त्याचा उल्लेख सदोबा या नावाने येऊ लागला.

वडील माणसाची उणीव

हे बंड इतके का फोफावले, याचे उत्तर सुखनिधानाच्या चातुर्यात शोधणे सोपे आहे. परंतु अकरा-बारा वर्षे तटाआड काढलेल्या एका परमुलखातील माणसाला एकट्याच्या चातुर्यावर वीस हजारांची फौज उभी करता येत नाही. त्याला बळ मिळाले ते दोन गोष्टींमुळे. पहिली पानिपताची न मिटलेली जखम. दुसरी पेशव्यांच्या घरातील भांडण.

नारायणरावांच्या खुनानंतर राज्याला सर्वमान्य असा वडील माणूस उरला नव्हता. घराण्यातील वयाने थोर पुरुष म्हणजे राघोबा. त्यांच्यावर पुतण्याच्या खुनाचा कलंक होता आणि ते परक्यांच्या आश्रयाला गेले होते. बारभाईंकडे गादीचा वारस होता, पण तो पाळण्यातला. त्यांच्या हाती सत्ता होती, मात्र ते शेवटी चाकर. अशा वेळी सदाशिवराव जिवंत असतील, तर सगळेच प्रश्न एकदम सुटत होते. ते राघोबांपेक्षा वडील होते. लहानग्या पेशव्याचे चुलत आजोबा होते. खुनाच्या वेळी ते पुण्यात नव्हते, त्यामुळे त्यांच्यावर कोणताच डाग नव्हता. भाऊबंदकीने हैराण झालेल्या लोकांना जो न्यायी, करडा, निष्कलंक कर्ता पुरुष हवा होता, तो त्यांना आपल्या आठवणीतल्या भाऊसाहेबांमध्ये दिसत होता. सुखनिधानाने ती जागा निर्माण केली नाही. ती आधीपासूनच रिकामी होती. तो फक्त तेथे जाऊन बसला.

त्याच्या फौजेत सामील झालेल्यांत सगळेच भाबडे होते, असेही नाही. नाना आणि बापूंवर रुसलेले, जुन्या वतनाचे वाद असलेले, राघोबांच्या बाजूचे पण उघडपणे तसे म्हणू न धजणारे आणि केवळ पोटासाठी तलवार धरणारे अशा सर्वांनाच हे निशाण सोयीचे होते. श्रद्धा आणि स्वार्थ एका छावणीत नांदत होते, आणि त्यामुळेच ती छावणी मोठी दिसत असली तरी आतून पोकळ होती.

बोरघाट आणि राजमाची

१७७६ च्या ऑक्टोबरच्या सुमारास सुखनिधानाने पुण्याची वाट धरली. कोकणातून पुण्यावर जायचे तर बोरघाटाइतका जवळचा मार्ग नव्हता. घाट अडविण्यासाठी पुण्याच्या बाजूने तोफा मांडल्या होत्या. तोतयाच्या लोकांनी तेथील पहारा उधळून लावला, मोर्चे ताब्यात घेतले आणि ते वर चढले. राजमाचीच्या परिसरात त्यांनी तळ दिला.

राजमाची हा एकाच डोंगरावरचा जोडकिल्ला. श्रीवर्धन आणि मनरंजन असे त्याचे दोन बालेकिल्ले. एका बाजूला मावळ, दुसऱ्या बाजूला कर्जत-खालापूरचे कोकण असा तो घाटाचा पहारेकरी. कर्जतकडून कोंदिवड्याच्या वाटेने आजही गिर्यारोहक तेथे जातात. पुणे तेथून फार दूर नाही. अकरा-बारा वर्षे वेगवेगळ्या कोठड्यांत काढलेल्या काळातील बहुतेक दिवस ज्या राजधानीच्या नावाने त्याने घालविले असतील, ती आता दोन-तीन मजलांवर आली होती.

येथेच तो फसला. पुण्याकडून त्याच्याकडे शरणागतीचे निरोप येऊ लागले. किल्ल्यासाठी धान्य आणि दारूगोळाही पोहोचता झाला. पुण्याचे कारभारी आपल्या बाजूला वळत आहेत, अशी त्याची समजूत झाली. बोलणी लांबली, दिवस गेले. घाट चढून आलेल्या फौजेचा वेग थांबला आणि तिच्यातली शिस्त सैलावली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या विश्वासावर जगलेला हा माणूस ऐन वेळी स्वतःच दुसऱ्याच्या शब्दावर विसंबला.

पुण्याकडून आलेल्या फौजेचे प्रमुख होते महादजी शिंदे आणि तोफखान्याचे सरदार भिवराव पानसे. निवडक सैन्यानिशी त्यांनी राजमाचीच्या परिसरात अचानक हल्ला चढविला. तोतयाच्या फौजेत गोंधळ उडाला. जो जमाव काही दिवसांपूर्वी घाट जिंकून वर आला होता, तो त्याच घाटाने खाली कोकणात पळत सुटला. मोठ्या नावाखाली गोळा झालेली माणसे पहिल्या धक्क्यालाच पांगली.

या प्रसंगात नियतीचा एक विलक्षण योग दिसतो. महादजी शिंदे पानिपतावर होते. तेथे पायाला झालेल्या जखमेने ते जन्मभर लंगडत राहिले. पुण्यात या मोहिमेची सूत्रे हलविणारे नाना फडणीसही पानिपतावर होते. त्या वेळी त्यांचे वय अठरा वर्षांचे होते आणि त्या धुमश्चक्रीत त्यांनी आपली आई गमावली होती. भाऊसाहेबांना दोघांनीही पाहिले होते, त्यांच्या हाताखाली वावरले होते. पानिपताची जखम अंगावर आणि मनावर वागविणाऱ्या याच दोघांनी त्या जखमेतून उभे राहिलेले हे भूत गाडले. लोकांना आशा हवी होती. या दोघांना ती आशा खोटी असल्याचे ठाऊक होते.

अखेरचा प्रवास

पराभवानंतर सुखनिधान समुद्राकडे वळला. मुंबईला इंग्रजांचा आश्रय मिळेल, अशी त्याची अपेक्षा होती. राघोबांना इंग्रजांनी हाताशी धरले होते, त्यामुळे ही अपेक्षा वेडगळ म्हणता येणार नाही. पण मुंबईत त्याला थारा मिळाला नाही. कुलाब्याकडे आल्यावर रघुजी आंग्रे यांनी त्याला पकडले आणि पुण्याच्या स्वाधीन केले.

पुण्यात यावेळी चौकशी उघडपणे आणि रीतसर झाली. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांचा तीत सहभाग होता. नारायणरावांच्या खुनाबद्दल प्रत्यक्ष राघोबांना दोषी ठरविण्यास न कचरलेल्या रामशास्त्र्यांच्या शब्दाला लोकांत जे वजन होते, ते कोणत्याही कारभाऱ्याच्या शब्दाला नव्हते. कैदी हा सदाशिवराव नसून सुखनिधान असल्याचे निश्चित झाले. १७७६ च्या डिसेंबरात त्याला पुण्यात देहान्त शासन देण्यात आले. त्याच्या मृत्यूची रीत निरनिराळ्या इतिहासकारांनी निरनिराळी सांगितली आहे. ती क्रूर होती आणि लोकांच्या देखत अमलात आली, याविषयी दुमत नाही. यावेळी शंकेला जागा ठेवायची नव्हती. माधवरावांच्या काळात जे टाळले गेले, ते नाना फडणीसांनी पुरे केले.

राज्यापुढचे संकट टळले. वाड्यातील एका स्त्रीच्या मनातील प्रश्न मात्र त्यामुळे सुटला नाही. पार्वतीबाई त्यानंतर सात वर्षे जगल्या. ज्याला मारले तो आपला पती नव्हे, एवढेच सरकार त्यांना सांगू शकत होते. आपला पती कोठे आहे, हे त्यांना पटेल अशा रीतीने कोणीच सांगू शकले नाही.

मॉस्कोतील नाते

तोतये केवळ मराठी राज्यातच उभे राहिले, असे नाही. सुखनिधानाच्या कहाणीशी सर्वांत जवळचे नाते सांगणारी कथा रशियातली आहे. झार इव्हानचा धाकटा मुलगा दिमित्री १५९१ मध्ये लहानपणीच मरण पावला. त्याचा मृत्यू संशयास्पद होता. काही वर्षांनी एका तरुणाने आपणच तो दिमित्री असल्याचे सांगितले, पोलंडच्या बाजूने सैन्य जमविले आणि १६०५ मध्ये तो मॉस्कोच्या गादीवर बसला. मृत राजपुत्राच्या आईनेही त्याला आपला मुलगा म्हणून ओळखले. वर्षभराच्या आतच, मे १६०६ मध्ये, त्याचा खून झाला आणि आईने आपली ओळख मागे घेतली. ही कथा युरोपातील नाटककारांना आणि संगीतकारांना पिढ्यान् पिढ्या खुणावत राहिली. १९२२ मध्ये जर्मनीत हान्स श्टाइनहोफ या दिग्दर्शकाने खोट्या दिमित्रीवर मूकपटही काढला. पहिल्या महायुद्धात राजघराणे आणि असंख्य तरुण गमावलेल्या जर्मनीत हा विषय पडद्यावर यावा, याचे नवल वाटत नाही.

काळाच्या दृष्टीने त्याहूनही जवळचा प्रसंग पुगाचेव्हचा. १७६२ मध्ये मारल्या गेलेल्या झार पीटर तिसऱ्याचे नाव घेऊन त्याने १७७३ मध्ये बंड उभारले. जानेवारी १७७५ मध्ये मॉस्कोत त्याचा शिरच्छेद झाला. त्यानंतर तेरा महिन्यांनी रत्नागिरीचे दार उघडले. या दोघांना एकमेकांची वार्ताही नव्हती. पण मृत्यू संशयास्पद राहिला, वारसाविषयी वाद झाला आणि प्रजा अस्वस्थ असली की तोतया उभा राहतो, हा नियम व्होल्गेच्या काठी आणि कोकणच्या किनाऱ्यावर सारखाच लागू पडला.

मराठीत हा विषय रंगभूमीवर आणला तो नरसिंह चिंतामण केळकर यांनी. लोकमान्य टिळकांचे सहकारी आणि केसरीचे संपादक असलेल्या केळकरांचे तोतयाचे बंड हे नाटक १९१३ चे. दादासाहेब फाळके यांचा राजा हरिश्चंद्र हा मूकपट मुंबईत झळकला तेही हेच वर्ष. पुढे मराठी मूकपटाने इतिहासाला हात घातला. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांचा १९२३ चा सिंहगड त्यातला गाजलेला. पडद्याने विजयाचे प्रसंग उचलले. तोतयाचे बंड लोकांच्या ध्यानात राहिले ते प्रामुख्याने केळकरांच्या नाटकामुळे.

घाटाच्या पायथ्याशी

सुखनिधान मारला गेल्यावर दोनच वर्षांनी बोरघाटाने पुन्हा एक फौज वर चढताना पाहिली. यावेळी राघोबांना घेऊन इंग्रज निघाले होते. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला मराठ्यांनी त्यांना कोंडले आणि तह करावयास भाग पाडले. त्या मोहिमेतही महादजी आणि नाना होते. तोतयाच्या बंडाने कोकणची आणि घाटाची वाट किती उघडी आहे हे पुणे दरबाराला आधीच दाखवून दिले होते.

घाटाच्या तोंडाशी खोपोलीत नाना फडणीसांनी बांधविलेला तलाव आणि त्याच्या काठचे वीरेश्वराचे मंदिर आजही आहे. घाट चढण्यापूर्वी वाटसरूंनी विसावा घ्यावा, पाणी प्यावे ही त्यामागची सोय. ज्या वाटेने तोतयाची फौज पुण्यावर चालून गेली, त्याच वाटेवर नानांची ही खूण उभी आहे. सुखनिधानाची मात्र कोठेही खूण नाही. त्याच्या नावाची समाधी नाही, वंशाची माहिती नाही. त्याचा स्वतःचा शब्द इतिहासाने राखलेला नाही. कारण जे काही तो बोलला, ते दुसऱ्याच्या नावाने बोलला.

तोतया हा शब्द तेवढा मराठीत ठाण मांडून राहिला आहे. तोतया पोलीस, तोतया अधिकारी, तोतया डॉक्टर अशा बातम्या गुन्हेवृत्तात वाचायला मिळतात. त्या वाचताना फसवणाऱ्याच्या धाडसाचे नवल वाटते आणि फसलेल्यांच्या भोळेपणाचे हसू येते. १७७६ च्या कोकणातील माणसांना भोळे म्हणून मोडीत काढणे मात्र न्यायाचे होणार नाही. त्यांच्यातील कित्येकांच्या घरांतून पानिपतावर गेलेले कोणी ना कोणी परतले नव्हते. भाऊसाहेब पंधरा वर्षांनी परत येऊ शकतात, हे एकदा खरे ठरले असते, तर त्यांच्या घरची माणसेही परत येऊ शकली असती. बोरघाट चढलेल्या त्या गर्दीतील प्रत्येक जण पुण्याच्या गादीसाठी निघाला होता, असे म्हणता येणार नाही. त्यांतील काहींना फक्त पानिपत खोटे ठरायला हवे होते.